वर्तमानपत्रातले मालेगाव
(वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



मला शिक्षणावर बोलण्यास सांगितले आहे. मी मात्र आरंभ एका भाड्याच्या खोलीपासून करतो. आपल्यापैकीच एक मुलगा नोकरीसाठी पुण्यास गेला. घरमालकाने गाव विचारले, तेव्हा त्याने ‘नाशिक’ असे सांगून टाकले. हे खोटे म्हणता येणार नाही. आपला जिल्हा नाशिकच आहे. पण सांगताना त्याची नजर खाली गेली. तुमच्यापैकी किती जणांनी असे ‘नाशिक’ सांगितले आहे, हे मी विचारीत नाही. मी स्वतः एकदा सांगितले आहे.

ही लाज कोठून आली, ते आपण जाणतो. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बरातचा दिवस, त्यात जुम्मा. हमीदिया मशीद आणि बडा कब्रस्तानच्या परिसरात स्फोट झाले. मेलेली माणसे आपलीच होती. पुढे अटक झालेले नऊ तरुणही आपल्याच समाजातले निघाले, आणि शहराच्या नावाला जो शब्द चिकटला तो अजून सुटलेला नाही. २०१६ साली न्यायालयाने त्यांना आरोपांतून मुक्त केले. त्यांतला एकजण तो दिवस पाहण्यास हयात नव्हता. माझ्याकडे दोन्ही वेळची कात्रणे आहेत. अटकेची बातमी उलगडली की टेबल व्यापते. सुटकेची माझ्या वहीच्या एका पानावर सहज मावली.

अशा वेळी आपण काय करतो? चहाच्या हॉटेलात अंक आपटतो. ‘हे सगळे विकले गेले आहेत’ म्हणतो. फार तर एखादे निवेदन काढतो, तेही उर्दूत. आपल्या शहरातून उर्दू वृत्तपत्रे निघतात, याचा मला अभिमान आहे. परंतु ती वाचतो कोण? आपणच. ज्याने मालेगावविषयी मराठीत वाचून आपले मत ठरविले, त्या पुण्याच्या घरमालकापर्यंत आपले उर्दू उत्तर पोहोचणार तरी कसे?

आणि सगळेच खोटे लिहिले जाते असेही नाही, हे स्पष्ट बोलले पाहिजे. कारखान्यात कांड्या भरण्यासाठी शाळेतून काढलेल्या मुलाविषयी एखाद्या बाहेरच्या वार्ताहराने लिहिले, तर आपण चिडतो. पण तो मुलगा तर आपल्या गल्लीतच आहे! त्या बातमीवर रागावण्याचा हक्क प्रथम त्या मुलाचा आहे, आपला नव्हे.

कधी कधी कौतुकही होते. नासीर शेख व त्यांच्या सोबत्यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. पुढे फैजा अहमद खान यांनी या वेडावर माहितीपट केला आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा मोठा चित्रपट देशभर लागला. लोक आनंदले. सहा दिवस यंत्रमागापुढे उभा राहणारा माणूस सुटीच्या शुक्रवारी चित्रपट पाहतो, हे बाहेरच्यांस प्रथमच कळले असेल. मला आनंद झाला, पण एक गोष्ट टोचलीही. आपण हसवतो तेव्हाही, आपली कथा मोठ्या पडद्यावर सांगायला दुसरेच यावे लागले.

एप्रिल २०२० मध्ये कोरोनाचे रुग्ण येथे वाढले, तेव्हा शहराचे नाव रोज दूरदर्शनवर होते. काही महिन्यांतच रुग्ण घटले आणि तेच लोक ‘मालेगाव पॅटर्न’ व येथील काढा यांविषयी विचारू लागले. दोन्ही वेळा आपण होतो तेच होतो. या दोन टोकांच्या मध्ये लाखांनी माणसे राहतात, मुलींना शाळेत सोडतात, सुताचे भाव वाढले की हिशोब करीत बसतात. यावर कोणी येऊन चित्रीकरण करीत नाही. ते लिहायचे काम तुमचे आहे, मुलांनो, आणि ते मराठीत. मराठीचा तास गुणांपुरता उरकू नका. पालकहो, ‘मराठीचे पुढे काय करायचे?’ असे घरात म्हणू नका, मुले ऐकतात.

मागील वर्षी दहावीतील एका मुलीने असेच एक पत्र एका वृत्तपत्रास लिहिले. त्या अंकात मोसम नदीच्या पलीकडे जाण्यास लोक घाबरतात, असे छापले होते. ती रोज मोसम पुलावरून शिकवणीला जाते, एवढेच तिने लिहिले. वेळ, रस्ता, वाटेत भेटणारा भाजीवाला. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका दुरुस्त केल्या. अकराव्या दिवशी पत्र छापून आले. शेवटचे वाक्य तेवढे गाळलेले होते. तिने लिहिले होते, ‘एकदा या, मी पुलावर भेटते.’