माशांचीं अंडीं वायां कां जातात?

कांचेच्या टांकींत मासे पाळण्याची हौस आतां पुष्कळ घरांत दिसते. मासे सुखानें नांदूं लागले, कीं त्यांचीं पिलें व्हावींत अशी इच्छा साहजिकच होते. एखादे सकाळीं तळाशीं मण्यांसारखीं बारीक अंडीं दिसतात आणि घरांतील मुलें हरखून जातात. पण दुसऱ्या दिवशीं पाहावें, तों एकहि अंडें शिल्लक नसतें. मग पाण्याला किंवा नशिबाला दोष दिला जातो. वस्तुतः या हानीचीं कारणें ठरलेलीं आहेत, आणि तीं समजलीं म्हणजे बहुधा टाळतांहि येतात.

पट्टेदार झेब्रा मासा हें याचें उत्तम उदाहरण. हा मूळचा आपल्याकडचाच. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनीं गंगा व तिच्या उपनद्यांतील माशांवर १८२२ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत याचें पहिलें शास्त्रीय वर्णन आहे. या माशाची मादी पहाट फुटतांच अंडीं विखरून टाकते, आणि मग नर-मादी दोघेंहि तींच अंडीं वेचून खातात. यांत क्रौर्य नाहीं. अंडीं राखण्याची रीतच या जातींत नाहीं. ओढ्यांत तीं दगडगोट्यांच्या फटींत शिरून वांचतात. कांचेच्या सपाट तळावर त्यांना आसरा नसतो.

उपाय सोपा आहे. लहान टांकींत चार-पांच इंच पाणी घेऊन तळाशीं मुलांच्या खेळण्यांतील गोट्यांचे दोन थर द्यावे. नळाचें पाणी असल्यास तें आधीं पसरट भांड्यांत एक दिवस उघडें ठेवावें, म्हणजे त्यांतील क्लोरीन उडून जातो. फुगीर पोटाची मादी व सडपातळ नर संध्याकाळीं मध्यें जाळी घालून ठेवावीं आणि सकाळीं उजेड होतांच जाळी काढावी. अंडीं पडून गोट्यांच्या फटींत उतरलीं, कीं जोडी लगेच बाहेर काढावी. एका वेळीं शंभराहूनहि अधिक अंडीं मिळूं शकतात.

दुसरा शत्रु बुरशी. जिवंत अंडें पारदर्शक असतें. मेलेलें पांढरें पडतें. बुरशी प्रथम मेलेल्या अंड्यावर धरते आणि तिचे तंतु शेजारच्या निरोगी अंड्यांना वेढतात. म्हणून पांढरीं अंडीं ड्रॉपरनें रोज उचलून टाकावीं. पाण्याला फिकट निळी छटा येईल इतकेंच मेथिलीन ब्ल्यू घातल्यास बुरशीला आळा बसतो. पाणी हळूहळू हलतें ठेवावें, कारण अंड्यालाहि प्राणवायु लागतो. 'फायटर' जातीचा नर ही राखण स्वतः करतो. तो बुडबुड्यांचें घरटें बांधतो आणि खालीं पडलेलें अंडें तोंडानें उचलून पुन्हां वर ठेवतो. झेब्र्याच्या बाबतींत ही बापाची जागा पाळणाऱ्यानेंच घ्यावयाची असते.

तपमान सुमारें २८ अंश सेंटिग्रेड राहिल्यास एका दिवसानंतर शाळेंतील साध्या सूक्ष्मदर्शकाखालीं हृदयाचे ठोके दिसतात, आणि दोन-तीन दिवसांत पिलें बाहेर येतात. पारदर्शक अंड्यांतील ही वाढ पाहतां येते, म्हणूनच प्रयोगशाळांनीं हा मासा जवळ केला. अमेरिकेंतील ऑरेगॉन विद्यापीठाचे जॉर्ज स्ट्रायसिंगर यांचें त्यावरील गाजलेलें संशोधन १९८१ सालीं प्रसिद्ध झालें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतहि त्यावर काम झालें आहे.

तिसरी हानि भुकेमुळें होते. नवें पिलूं पहिले दोन-तीन दिवस कांचेला चिकटून राहतें आणि पोटाशीं असलेल्या बलकावर जगतें. या वेळीं अन्न घातल्यास तें कुजून पाणी नासतें. पिलें मोकळीं पोहूं लागलीं, म्हणजे सुमारें पांचव्या दिवशीं, त्यांना अन्न हवें. तेंहि त्यांच्या तोंडांत मावेल इतकें सूक्ष्म. वाळलें गवत किंवा कोबीचें पान जुन्या टांकीच्या पाण्यांत कांहीं दिवस ठेवल्यास त्यांत एकपेशीय जीव वाढतात. त्या पाण्याचे थेंब दिवसांतून दोन-तीनदां घालावे. मात्र ही तयारी अंडीं मिळण्यापूर्वींच हवी. भूक थांबत नाहीं.

एवढें करतांना एक दक्षता विसरूं नये. शंभर पिलें वाढविण्यास जागा नसेल, तर शंभर अंडीं उबवूं नयेत. जास्त झालेले मासे नदींत वा तळ्यांत सोडूं नयेत, कारण टांकींतील रोग तेथील माशांना लागूं शकतात. अंडीं घालणें हें माशाचें काम; तीं किती जगवावयाचीं आणि पुढें कोठें ठेवावयाचीं, याचा हिशेब पाळणाऱ्यानें आधींच केलेला बरा.