‘ढ’ हा शब्द घरातून काढून टाकू या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी चार शब्द बोलावेत, असा आपल्या चिटणीसबाईंचा आग्रह पडला. मी काही वक्ती नव्हे. चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांचा हात धरून अक्षरे गिरवून घेतली, एवढीच माझी कमाई. पण आज जे सांगणार आहे ते शिक्षिका म्हणून नव्हे, तर एक आई म्हणून. त्यात माझी चूक आहे, आणि ती मी चारचौघींत कबूल करणार आहे.

गेल्या शनिवारी मंडळाने ‘तारे जमीन पर’ हा हिंदी चित्रपट दाखविला. पावसामुळे पुष्कळजणींना येता आले नाही, म्हणून गोष्ट थोडक्यात सांगते. हा चित्रपट डिसेंबर २००७ मध्ये प्रथम पडद्यावर आला. दिग्दर्शन आमिर खान यांचे, आणि कथा-पटकथा आपल्या मराठी अमोल गुप्ते यांची. ईशान हा मुंबईतला आठ-नऊ वर्षांचा मुलगा. दर्शील सफारी या बालकलाकाराने त्याचे काम इतके सहज केले आहे की, तो आपल्याच गल्लीतला वाटावा. थोरला भाऊ वर्गात पहिला, आणि ईशान तिसरीतच दुसऱ्यांदा बसलेला. अक्षरे उलटी काढतो, वाचायला उभा केला तर अक्षरे नाचतात म्हणतो. वडील त्याला आळशी ठरवून दूरच्या वसतिगृहात नेऊन टाकतात. ती शाळा म्हणजे पाचगणीची न्यू एरा. सातारा जिल्ह्यातच हे चित्रण झाले. तेथे मुलगा बोलेनासा होतो, चित्रे काढायचेही सोडून देतो. मग निकुंभ नावाचे चित्रकलेचे शिक्षक येतात. लहानपणी हेच भोगलेले असल्यामुळे ते मुलाचे दुखणे ओळखतात आणि त्याला पुन्हा उभा करतात.

गोष्ट एवढीच. पण भगिनींनो, हीच गोष्ट शिवाजी पेठेत माझ्या घरी घडली होती. फरक इतकाच की, तिच्यात निकुंभ सर नव्हते.

माझा मुलगा १९८६ साली तिसरीत होता. बोलण्यात चुणचुणीत. एकदा ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगायचा. पण वही उघडली की ‘कमळ’चे ‘मकळ’, ‘घर’चे ‘धर’, आणि वेलांटी कुठे द्यावी याचा पत्ता नाही. मी स्वतः शिक्षिका! शाळेत इतरांची मुले माझ्या हाताखाली वाचायला शिकत होती आणि माझाच मुलगा अडत होता. ही मला नामुष्की वाटली. रोज संध्याकाळी मी त्याला चुकलेला एकेक शब्द वीस वेळा लिहायला लावी. विसाव्या वेळीही तो चुकला की हातावर पट्टी बसे. तो मुद्दाम करतो, अशीच माझी समजूत होती. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, “असू दे हो बाई, एखादं पोरगं ढ असतंय.” मी त्यांना काही बोलले नाही. पण त्या दिवसापासून तो शब्द आमच्या घरात शिरला, आणि पुढे तो माझ्याही तोंडी आला.

मुलगा नववीत नापास झाला आणि शाळा सुटली. उद्यमनगरात एका कारखान्यात लागला. आज तो लेथवर उत्तम काम करतो. मापात केसाइतकाही फरक पडू देत नाही. पण बँकेचा कागद आला की गुपचूप बायकोपुढे ठेवतो.

हा चित्रपट दूरदर्शन संचावर लागला, तेव्हा आम्ही सगळे घरात बसून पाहत होतो. ईशानला वर्गात वाचायला उभे करतात तो प्रसंग आला. माझा मुलगा उठला आणि सोप्यात जाऊन बसला. मी मागोमाग गेले. तीस वर्षांचा माणूस, डोळे पुसत म्हणाला, “आई, मला वाटायचं हे माझ्या एकट्याचंच आहे.”

त्या रात्री मी ट्रंकेतली त्याची जुनी वही काढली. पानोपानी माझ्याच हातची लाल शाई. ‘निष्काळजीपणा’, ‘लक्ष नाही’, ‘पुन्हा लिही’. निष्काळजी कोण होते, हे मला तेव्हा कळले.

आता हे दुखणे काय आहे, ते मला समजले तेवढे सांगते. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. वाचनात अडचण असेल तर डिस्लेक्सिया, लेखनात असेल तर डिस्ग्राफिया, आणि गणितात असेल तर डिस्कॅल्क्युलिया. मतिमंदत्व ही निराळी गोष्ट आहे. येथे बुद्धी चांगली असते, डोळे-कान शाबूत असतात, पण कानावर पडलेला ध्वनी आणि कागदावरचे चिन्ह यांची सांगड घालणे मेंदूला जड जाते. चित्रपटात अक्षरे नाचताना दाखविली आहेत, आणि काही मुले तसे सांगतातही. परंतु तज्ज्ञांच्या मते मूळ दोष दृष्टीचा नसून या सांगडीचा आहे. पुष्कळदा हे घराण्यात उतरते. आईच्या लाडाने किंवा धाकाने ते होत नाही, आणि औषधाने जातही नाही.

हे नवे खूळ आहे, असेही कोणी समजू नये. इंग्लंडमधील प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी १८९६ साली अशा एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. मुलगा हुशार, खेळात चपळ, पण वाचता येईना. त्याच्या शिक्षकाचे म्हणणे होते की, सगळे शिक्षण जर तोंडी असते, तर हाच मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता. म्हणजे माझ्या मुलाच्या हातावर पट्टी बसत होती, तेव्हा हे जगाला ठाऊक होऊन नव्वद वर्षे झाली होती!

आपली मराठी जशी उच्चारतो तशीच लिहितो, तेव्हा आपल्या मुलांना ही अडचण कशी येईल, असे काहीजणी विचारतील. आपल्या अक्षरांकडे जरा त्या मुलांच्या डोळ्यांनी पाहा. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’ यांत एका रेषेचा फरक. ‘ख’ जरा सुटा लिहिला की त्याचा ‘रव’ होतो. ‘कि’ म्हणताना आधी ‘क’ आणि मग ‘इ’ ऐकू येते, पण लिहिलेले वाचताना वेलांटी आधी लागते. जोडाक्षरे तर विचारूच नका. आकड्यांचेही तसेच. त्रेसष्ट म्हणताना तीन आधी येतो, लिहिताना सहा आधी. मग मूल ३६ लिहिते आणि आपण त्याला ओरडतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशा वाचनाची जोड दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला, तो आपल्याला आठवत असेल. त्या समितीच्या प्रमुख कै. मंगलाताई नारळीकर यांनी मुलांना संख्या सोपी जावी, हेच कारण सांगितले होते. तेव्हा हसणाऱ्यांत मीही होते. आज हसणार नाही.

मग अशा मुलांना शिकवावे कसे? चित्रपटात निकुंभ सर वाळूवर बोटाने अक्षरे काढून घेतात, मातीची अक्षरे करवितात, पायऱ्या चढून-उतरून बेरीज-वजाबाकी शिकवितात. डोळा, कान, हात आणि सारे अंग एकाच वेळी कामाला लावायचे, हे त्याचे मर्म. भगिनींनो, यातले कोणते साधन आपल्या स्वयंपाकघरात नाही? परातीत रवा पसरा आणि त्यात अक्षर काढू द्या. कणकेच्या वळ्या करून ‘क’ आणि ‘ख’ घडवा. दारातल्या रांगोळीत त्याचे नाव घाला. एका वेळी एकच अक्षर, तोंडाने उच्चारत. मात्र याच्या जोडीला जाणत्या विशेष शिक्षकाची मदत हवीच.

आता एक गोष्ट मी जरा धीर करून बोलते. चित्रपट मला मनापासून आवडला, तरी त्याचा शेवट मला टोचतो. शेवटी चित्रांची स्पर्धा होते आणि ईशानला पहिले बक्षीस मिळते. आपले कोल्हापूर म्हणजे कलापूर. आबालाल रहिमानांचे आणि बाबूराव पेंटरांचे हे गाव. चित्रकलेचे मोल आपल्याला कोणी सांगायला नको. पण माझ्या मुलाला चित्रे येत नव्हती. गांधी मैदानावर फुटबॉल खेळायचा, तोही बेताचाच. त्याच्यात कोणताही लपलेला हिरा नव्हता. मग त्याने काय करावे? एका हाताने उणीव आणि दुसऱ्या हाताने बक्षीस दाखविले, तरच मुलाला माया मिळायची काय? चित्रपट पाहून घरी गेल्यावर पुष्कळ आयांनी मुलाच्या हाती रंगाची पेटी दिली असेल. द्या, जरूर द्या. पण बक्षिसाची वाट पाहू नका. मूल आपले आहे, एवढे कारण पुरेसे आहे.

चित्रपटातच याचे उत्तर आहे. ईशानचे वडील निकुंभ सरांना भेटून सांगतात की, माझी पत्नी या विषयाची माहिती वाचत असते. आपल्याला मुलाची काळजी आहे, हे त्यांना दाखवायचे असते. तेव्हा निकुंभ त्यांना काळजी म्हणजे काय ते सांगतात. जवळ घेणे, चुकले तरी हरकत नाही म्हणणे. दुखण्याचे नाव ठाऊक होणे वेगळे आणि मुलाजवळ बसणे वेगळे.

माझी ही परीक्षा पुन्हा झाली. माझी नात तिसरीत गेली आणि तिच्या वहीत मला तेच ‘मकळ’ दिसले. तपासणी करू या म्हटल्यावर सूनबाई रडू लागली. “आई, मुलीची जात. एकदा शिक्का बसला की पुढं कोण विचारील?” तिचे भय खोटे नव्हते. मी काही बोलण्याआधी माझा मुलगा बोलला, “शिक्का माझ्यावरही बसला होता. फक्त तो चुकीचा होता.” पुढे वाद झाला नाही.

आधी डोळे आणि कान तपासले, मग तज्ज्ञांकडून रीतसर चाचणी झाली. तुम्हीही हाच क्रम ठेवा. आणि एवढे ध्यानात असू द्या की, या मुलांच्या पाठीशी आज कायदा आहे. महाराष्ट्रात १९९६ साली दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती मिळू लागल्या. जादा वेळ मिळतो, गरज असेल तेथे लेखनिक मिळतो. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. १९९५ च्या अपंग कायद्यात या मुलांचे नाव नव्हते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार घातले आहेत, त्यांत ही अध्ययन अक्षमता आहे. तेव्हा सवलत मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली या करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. शाळेचे दार प्रत्येक मुलासाठी उघडले. पण दारातून आत आलेले मूल मागच्या बाकावर खाली मान घालून बसत असेल, तर महाराजांचे काम पुरे झाले, असे आपल्याला म्हणता येईल काय? ते उरलेले काम शाळेचे आहे, तसे आपलेही आहे.

नात काही वर्गात पहिली आलेली नाही, आणि येणारही नाही. परवा आम्ही तिघे निवृत्ती चौकातून येत होतो. ती एका दुकानाच्या पाटीपुढे थांबली आणि एकेक अक्षर जुळवू लागली. एका जोडाक्षराशी अडली. माझ्या तोंडात शब्द आला होता. मुलाने हळूच माझा हात दाबला. आम्ही दोघे उभे राहिलो. मागून स्कूटरवाले कर्णे वाजवीत होते. तिने पाटी पुरी वाचली, आणि मग आम्ही घरी आलो. त्या मुलासाठी १९८६ साली मी एवढा वेळ कधी थांबले नव्हते.

भगिनींनो, माझी मंडळाला एकच विनंती आहे. दर शनिवारी दुपारी दोन तास ही खोली उघडी ठेवू या. पेठेतल्या ज्या मुलांना वाचन जड जाते त्यांनी यावे. परातभर रवा मी आणीन. आणि आज घरी गेल्यावर ‘ढ’ हे अक्षर फक्त ढगासाठी आणि ढोलासाठी राखून ठेवा. मुलासाठी ते पुन्हा वापरू नका.