टिपणवहीचे कुलूप आणि तिचा मदतनीस

(वाचनालयाच्या शतकमहोत्सवानिमित्त हिमायतनगर येथे दिलेले व्याख्यान)



शंभर वर्षे पूर्ण केलेल्या ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून ग्रंथांविषयी बोलले जावे, ही आपली अपेक्षा रास्तच आहे. मी मात्र ग्रंथाच्या आधीच्या अवस्थेविषयी बोलणार आहे. ग्रंथ छापला जातो, त्याला दाखल क्रमांक मिळतो, तो कपाटात जातो. त्यापूर्वी कोठेतरी एक वही असते, चिठ्ठ्यांचा गठ्ठा असतो, लग्नपत्रिकेच्या पाठीवर खरडलेली चार वाक्ये असतात. या टाचण-टिपणांना ना कपाट, ना दाखल क्रमांक. अलीकडे ही वही संगणकात गेली आहे. आणि गेल्या दोन-तीन वर्षांत त्या वहीत एक मदतनीसही येऊन बसला आहे, जो आपले अर्धे वाक्य पुरे करून देतो. इंटरनेटची जोडणी नसतानाही चालणारी, आपल्याच संगणकात राहणारी अशी ही टिपणवही व तिच्यातील कृत्रिम बुद्धिमत्ता हा माझा आजचा विषय आहे.

टिपणांचे मोल आपल्या भाषेला नवे नाही. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यात निवर्तले. मागे राहिले ते कागद. त्या कागदांतून धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने त्यांचा धातुकोश आणि नामादिशब्दव्युत्पत्तिकोश त्यांच्या पश्चात प्रसिद्ध केले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांनी संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचा प्रकल्प सुरू केला. सुमारे पंधराशे ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या निघाल्या, आणि पहिला भाग छापून यायला १९७६ साल उजाडले. चिठ्ठ्यांचे काम असेच मंद चालते. एक शब्द, त्याचे स्थळ, आणि त्याखाली लिहिणाऱ्याची स्वतःची शंका. माझ्या मते चिठ्ठीचा जीव या शंकेत असतो. ती इतरांसाठी लिहिलेली नसते, म्हणूनच प्रामाणिक असते.

येथूनच खाजगीपणाचा प्रश्न सुरू होतो. माझी एक विद्यार्थिनी मराठवाड्यातील आणि या शहरातील वृद्धांच्या १९४८ च्या आठवणी टिपून घेत होती. रझाकारांचे दिवस, सप्टेंबरातील पोलीस कारवाई, आणि त्यानंतरचे जे काही झाले तेही. सुंदरलाल समितीचा त्यासंबंधीचा अहवाल २०१३ पर्यंत सामान्य अभ्यासकाच्या दृष्टीआड होता, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहे. या आठवणींत शेजाऱ्यांची नावे येतात. कोणी लपवले, कोणी दाखवून दिले, कोणाचे घर कोणी घेतले. त्या शेजाऱ्यांची नातवंडे आजही त्याच गल्ल्यांत राहतात. सांगणाऱ्या आजींनी एकच अट घातली होती : ‘नावं बाहेर जाऊ देऊ नको.’ आता ही मुलगी ते टिपण स्वच्छ करून घेण्यासाठी इंटरनेटवरच्या एखाद्या सेवेत घालते, तेव्हा तो मजकूर तिच्या खोलीतून निघून कोठल्या तरी कंपनीच्या यंत्रावर जातो. तेथे तो किती काळ राहतो, पुढच्या यंत्राच्या शिकवणीला वापरला जातो की नाही, हे त्या कंपनीच्या अटींवर आणि आपण कोणती कळ दाबली होती यावर ठरते. आजींनी मात्र शब्द घेतला होता तो कंपनीकडून नव्हे, मुलीकडून. वकिलाची टिपणे, वैद्याची टिपणे, यांचेही तेच.

म्हणून जोडणीविना चालणाऱ्या वहीचे मी मनापासून स्वागत करतो. ही सोय फार जुनी नाही. मेटा कंपनीने फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘लामा’ नावाचे भाषा-प्रतिमान जाहीर केले, आणि लगेच मार्चमध्ये गिओर्गी गेर्गानोव्ह या बल्गेरियन प्रोग्रामरने ते घरच्या संगणकावर चालेल अशी ‘लामा-सीपीपी’ ही प्रणाली सर्वांसाठी खुली केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलचे ‘जेमा’ आले. आता ‘ऑब्सिडियन’सारख्या टिपणवहीला, जी आपली टिपणे साध्या मजकुराच्या फाइलींत आपल्याच संगणकावर ठेवते, असे प्रतिमान ‘ओलामा’सारख्या प्रणालीच्या द्वारे जोडता येते, काही वह्यांत ते मुळातच बसवलेले असते. चारशे कोटी घटकांचे एक लहान प्रतिमान दाबून-चेपून सुमारे तीन गिगाबाइटांत मावते. ते एकदा उतरवून घेतले की तार काढून टाकावी. तरीही मदतनीस उत्तर देत असेल, तर तो खरोखर घरातलाच आहे असे समजावे. विक्रेत्याच्या आश्वासनापेक्षा ही परीक्षा बरी.

वाचणारा कोण, हा प्रश्न असा सुटतो. लिहिणारा कोण, हा मात्र सुटत नाही, आणि भाषेचा शिक्षक म्हणून मला तोच अधिक टोचतो.

हे यंत्र करते काय? मजकुराचे लहान तुकडे पाडते आणि आतापर्यंतच्या तुकड्यांवरून पुढचा संभाव्य तुकडा कोणता याचा हिशेब करते. हे तुकडे पाडण्यातच मराठीला पहिला भुर्दंड बसतो. संगणकाच्या प्रचलित संकेतात इंग्रजी अक्षर एका बाइटात मावते. देवनागरीच्या प्रत्येक खुणेला, मग ते अक्षर असो, काना असो की पायमोड, तीन बाइट लागतात. इंग्रजीतला ‘लायब्ररी’ हा शब्द सात बाइटांचा. आपला ‘ग्रंथालय’ आठ खुणांचा, म्हणजे चोवीस बाइटांचा. त्यामुळे पुष्कळ प्रतिमानांत मराठीचे तुकडे अधिक पडतात आणि काम हळू चालते. नव्या प्रतिमानांत यात सुधारणा झाली आहे. तो यंत्रज्ञांचा प्रश्न आहे, ते सोडवतील. दुसरी गोष्ट हिशेबाच्या स्वभावातच आहे. जे पुष्कळांनी पुष्कळदा लिहिले, ते संभाव्य. जे थोड्यांनी लिहिले, ते असंभाव्य. आणि आपण, हैदराबादचे मराठी लोक, थोडे आहोत.

मी एक प्रयोग केला. जुन्या निजामी राज्यातल्या एखाद्या वकिलाच्या दैनंदिनीत शोभतील अशी तीन वाक्ये लिहिली : ‘आज पेशी होती. मिसल सापडेना. मुन्सफ साहेबांनी मुद्दत वाढवून दिली.’ मदतनिसाला सांगितले, शुद्धलेखन तपास. त्याने दिलेला मजकूर असा : ‘आज सुनावणी होती. फाइल सापडत नव्हती. न्यायाधीशांनी मुदत वाढवून दिली.’ एकही चूक नाही, असे कोणीही परीक्षक म्हणेल. पण गेले काय ते पाहा. मुन्सफ हा कनिष्ठ दिवाणी न्यायाधीश. तो शब्द गेला आणि खटला कोणत्या पायरीवर होता याचा माग गेला. पेशी आणि मिसल गेले, आणि उर्दूत चालणारी कचेरी व मराठीत चालणारे घर यांच्यामधला उंबरठा पुसला गेला. ‘सापडेना’ या एका रूपात शोधणाऱ्याचा त्रागा होता. ‘सापडत नव्हती’मध्ये केवळ माहिती उरली. मग मी ‘उद्या सकाळी यायलो’ असे लिहून पाहिले. त्याचे ‘उद्या सकाळी येत आहे’ झाले. मराठवाडा एका क्षणात पुण्याला पोचला. (पुण्याविषयी माझी तक्रार नाही, माझी पाठ्यपुस्तके सारी तिथलीच.)

हे खाजगी वहीत घडते, हे विशेष. छापील ग्रंथात संपादक असतो, मुद्रितशोधक असतो. तेथे प्रमाण भाषा असावी याला माझी हरकत नाही. पण वहीत सुद्धा पहिल्याच खर्ड्यावर प्रमाणाचा रंधा फिरला, तर उद्याच्या कोशकाराने बोलीचा शब्द शोधावा कोठे? सेतुमाधवराव पगडी यांनी सरकारी नोकरीत असताना गोंडी आणि कोलामी भाषांचा अभ्यास करून त्यांची व्याकरणे लिहिली. ऐकले तसे टिपले, म्हणूनच ते साधले. त्यांच्या शेजारी बसून प्रत्येक असंभाव्य रूप ‘सुधारणारा’ कारकून असता, तर काय झाले असते याची कल्पना करून पाहा.

वेगळ्या स्वभावाचे यंत्र याच शहरात वाढले आहे, हे येथे सांगितले पाहिजे. ‘अनुसारक’ या प्रणालीचे काम कानपूरच्या आयआयटीत सुरू झाले, पुढे हैदराबाद विद्यापीठात आणि नंतर येथील आयआयआयटीत चालले. १९९० च्या दशकात मराठी, तेलुगू, कन्नड यांसह काही भारतीय भाषांतून हिंदीत नेण्याचा तो उद्योग होता. त्याच्या कर्त्यांनी मुद्दामच गुळगुळीत भाषांतराचा आग्रह धरला नाही. मूळ भाषेची ठेवण हिंदी शब्दांतून दिसत राहावी, अर्थ जुळवण्याचे अर्धे श्रम वाचकाने घ्यावेत, अशी त्यांची भूमिका होती. निघणारी हिंदी ओबडधोबड वाटे, परंतु मुळात नसलेले काही तीत शिरत नसे. आजचा मदतनीस याच्या उलट आहे. त्याचे बोलणे सफाईदार असते आणि त्या सफाईतून मुळात नसलेले वर्ष, नसलेले नाव सहज आत येते. आकाराने लहान असलेल्या घरगुती प्रतिमानांत तर हा दोष अधिक.

मग त्याला घराबाहेर काढावे काय? तसे मी म्हणत नाही. त्याला लेखणी देऊ नये, कंदील द्यावा. वीस वर्षांच्या टिपणांत ‘इनाम जमिनीविषयी मी कोठे लिहिले आहे’ असे विचारले की तो पाने काढून देतो, तीही ‘इनाम’ हा शब्द नसलेली. ‘या दोन टिपणांत विरोध कोठे आहे’ असे विचारले तर कधीकधी खरोखर डोळे उघडतात. आणि त्याचे एखादे वाक्य घ्यावेसे वाटलेच, तर ते त्याच्या नावाने घ्यावे. याला आपल्याकडे सातशे वर्षांचा दाखला आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्रासाठी गावोगाव फिरून आठवणी गोळा केल्या. मूळ प्रत धाडीत नष्ट झाल्यावर शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, असे पंथाची परंपरा सांगते. आणि त्यात हिराइसेचा पाठ हिराइसेच्या नावाने ओळखला गेला. दुसऱ्याची स्मृती स्वतःची म्हणून कोणी खपवली नाही. आपल्या वहीत यंत्राच्या वाक्यापुढे ‘यं’ एवढे अक्षर घातले तरी काम भागते.

महानुभावांचा दुसरा धडा कुलपाचा. आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत, त्यांत ढवळाढवळ होऊ नये, म्हणून चौदाव्या शतकापासून पंथाने ते सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. कुलूप इतके पक्के की विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडेपर्यंत आद्य मराठी गद्य बाहेरच्या अभ्यासकांना जवळजवळ अज्ञात राहिले. ग्रंथ मात्र टिकले, कारण पंथात किल्ली गुरूकडून शिष्याकडे जात राहिली. आपल्या संगणकातल्या वहीचा संकेतशब्द आपल्याबरोबरच स्मशानात जातो. कुलूप मोडायला राजवाडे जन्माला येतील, पण आजच्या कुलपांपुढे त्यांचेही काही चालणार नाही. म्हणून सभासदांना माझी विनंती आहे की, संकेतशब्द कागदावर लिहून, पाकिटात बंद करून, विश्वासातल्या माणसाजवळ ठेवावा. काय उघडावे आणि काय न वाचता जाळावे, हेही त्यात लिहावे.

शिवाय वही साध्या मजकुरात, युनिकोडमध्ये असावी. १९९० च्या दशकात आपण निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टांत मराठी टंकलिखित केले. प्रत्येकाचा संकेत निराळा. तो फॉन्ट नसेल तर आज त्या फाइलींत रोमन अक्षरांचा काला दिसतो. देवनागरी १९९१ च्या पहिल्या युनिकोडपासून आहे. मोडीलाही २०१४ साली तेथे जागा मिळाली. आजोबांची मोडी दैनंदिनी टिपून घेताना लिप्यंतराशेजारी मूळ मोडी अक्षरेही ठेवता येतील.

व्याख्यानानंतर शेजारच्या खोलीत ग्रंथपालांच्या परवानगीने एक संगणक मांडला आहे. त्याची इंटरनेटची तार काढून बाजूला ठेवली आहे, ती आपण पाहून घ्यावी. ज्यांना मदतनिसाची परीक्षा घ्यायची असेल त्यांनी दोन-चार ओळी लिहून पाहाव्यात. कृपया आपल्या घरच्या बोलीत लिहाव्यात, आणि त्याने बदललेले शब्द शेजारच्या कोऱ्या वहीत नोंदवावेत. वही वाचनालयाचीच आहे, तिला दाखल क्रमांक देण्याचे कार्यवाहांनी मान्य केले आहे.