बंब, बंबफोड आणि मेणबत्तीचा धूर

आजचा विषय जरा गरम आहे. हो, माहितेय, पीजे होता. पुढे जाऊ.

मला आग आवडते. लहानपणापासून, वेड्यासारखी. बीटेक केलं, आता दिवसभर कोडमधले बग शोधत बसतो, पण लाईट गेली की मेणबत्ती लावायला पहिला मीच पळतो.

सुरुवात आजोळच्या बंबापासून झाली. तुमच्यापैकी कितीजणांनी बंब पाहिलाय? तांब्याचा उभा पिंप, मधोमध नळी, नळीत विस्तव आणि भोवती पाणी. पहाटे तो पेटवायचं काम माझं. मी उत्साहात नळी बंबफोडाने गच्च भरायचो आणि मग नुसता धूर. आजी म्हणायची, "अरे, तिला श्वास घ्यायला जागा ठेव की!" अगदी बरोबर होतं तिचं. गरम हवा नळीतून वर जाते, म्हणून खालच्या जाळीतून ताजी हवा आत ओढली जाते. वाट कोंडली की ओढ संपली.

मग खेळ सुरू झाले. संत्र्याची साल ज्योतीजवळ पिळायची, सालीतलं तेल उडतं आणि तडतड ठिणग्या. भिंगाने वाळकं पान जाळायचं. आणि माझा सगळ्यात लाडका खेळ: मेणबत्ती विझवायची आणि वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराला काडी लावायची. ज्योत धुरावरून उडी मारून परत वातीवर! कारण तो धूर म्हणजे मेणाचीच वाफ. जळते ती वाफच, वात फक्त वितळलेलं मेण वर पोचवते. मायकेल फॅरेडेने १८६० च्या नाताळात लंडनमध्ये मुलांसमोर नुसत्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती. सहा! आपल्याला सहा मिनिटांचा व्हिडिओ बघवत नाही.

अजून एक भारी गोष्ट. ज्योत निमुळती का असते? गरम हवा वर जाते म्हणून. अंतराळयानात वर-खाली असं काही उरत नाही, तिथे ज्योत गोल होते, निळसर, छोट्या गोळीसारखी.

आता जे सांगायला आज बसलोय ते.

मी अकरा वर्षांचा, बहीण आठ वर्षांची. दिवाळीचा पाडवा. गल्लीतले न उडालेले फटाके गोळा करून मी त्यातली दारू कागदावर काढली होती. ती बघायला वाकली, मी काडी लावली. भक्कन जाळ झाला आणि तिचा उजवा हात भाजला, मनगटापासून वर. घरात कुणीतरी लगेच टूथपेस्ट फासली. डॉक्टरांनी आधी ती पुसून काढली, तिला दुप्पट त्रास. भाजल्यावर वीस मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी, बाकी काही लावायचं नाही, हे मी तिथे शिकलो. फार महाग पडलं ते शिकणं, आणि किंमत मी मोजली नाही.

घरी मी सांगितलं, फटाका हातात फुटला. तिचीच चूक असल्यासारखं. तिने एकदाही खरं सांगितलं नाही. उलट पुढची कितीतरी वर्षं "तुला कुणी सांगितलं होतं हातात धरायला?" हे ऐकून घेतलं. डाग अजून आहे. फुलबाजीसुद्धा धरत नाही ती.

गेल्या दिवाळीत लाईट गेली. मेणबत्ती लावली तर ती म्हणाली, "दादा, ती धुराची गंमत कर ना." केली. ती दोन हात लांब उभी होती, हात मागे बांधून. ज्योत उडी मारून परत आली तेव्हा हसली, म्हणाली, "परत." मग बसून बोललो आम्ही, पहिल्यांदाच. हे सगळं इथे सांगू का, विचारलं. म्हणाली, "सांग. पण आधी आईला."

मंडळी, आईला मी काल रात्री फोन केला. बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "फोन तिच्याकडे दे."