स्टेंट आणि रक्ताचें गोठणें



विळीवर भाजी चिरतांना बोट कापलें, तर आपण तें घट्ट दाबून धरतों आणि थोड्याच वेळांत रक्त थांबतें. ही गोष्ट इतकी नित्याची आहे, कीं तिचें आश्चर्य आपणांस वाटेनासें झालें आहे. परंतु हेंच रक्त हृदयाच्या धमनींत गोठलें, तर प्राणावर बेततें. या दोन प्रसंगांमागील क्रिया एकच आहे. ती आज समजून घ्यावयाची आहे.

शरीरांतील रासायनिक क्रिया त्वरेनें घडवून आणणारीं जीं प्रथिनें असतात, त्यांना एन्झाइम अथवा विकरें म्हणतात. धमनीचें आंतील अस्तर फाटलें, कीं त्याखालील एक प्रथिन रक्ताच्या संपर्कांत येतें. मग एक विकर दुसऱ्यास जागें करतें, दुसरें तिसऱ्यास, आणि अखेरीस थ्रॉम्बिन नांवाचें विकर सिद्ध होतें. रक्तांत विरघळलेल्या फायब्रिनोजेनपासून तें फायब्रिनचे चिवट तंतू बनवितें. इकडे प्लेटलेट, म्हणजे रक्तबिंबिका, जखमेवर चिकटून आपल्या सोबतिणींना बोलावीत असतात. तंतू आणि बिंबिका मिळून गुठळी होते.

यास आवर घालणारीं विकरेंही निसर्गानें ठेविलीं आहेत. एडीपी नांवाच्या ज्या द्रव्यानें बिंबिका परस्परांस बोलावितात, त्याचें विघटन करणारें एक विकर निरोगी अस्तरावर असतें. आणि प्लास्मिन हें विकर झालेली गुठळी हळूहळू विरघळवितें.

आतां स्टेंटकडे वळूं. १६ सप्टेंबर १९७७ रोजीं झुरिच येथें डॉ. आंद्रेआस ग्रुंट्सिग यांनीं एका रोग्याची अरुंद झालेली हृदयधमनी बारीक नळीवरील फुग्याच्या साहाय्यानें प्रथमच रुंद केली. पुढें १९८६ सालीं धमनी उघडी ठेवणारी धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, माणसाच्या हृदयधमनींत प्रथम बसविण्यांत आली. या उपायानें रक्ताची वाट मोकळी होते हें खरें. परंतु फुगा फुगवितांना अस्तर दुखावतें, आणि उघडा धातु रक्तास परका असतो. जाळीवर नवें अस्तर येईपर्यंत त्या जागीं संरक्षक विकराचा पहारा पुरेसा नसतो. हल्लींच्या बहुतेक स्टेंटांवर औषधाचा लेप असतो. त्यामुळें धमनी पुन्हां अरुंद होण्याचें भय कमी होतें, परंतु अस्तर वाढण्यासही विलंब लागूं शकतो.

या काळांत पहारा औषधांनीं करावयाचा असतो. ॲस्पिरिनचें कार्य कसें चालतें, हें सर जॉन व्हेन यांनीं १९७१ सालीं दाखविलें. तें बिंबिकांतील सायक्लोऑक्सिजनेज हें विकर कायमचें निकामी करतें. बिंबिकेला केंद्रक नसल्यामुळें तिला तें विकर नव्यानें बनवितां येत नाहीं; ७ ते १० दिवसांचें आपलें आयुष्य ती तशीच संपविते. परंतु नव्या बिंबिका रोज जन्मास येतात, म्हणून गोळीही रोज लागते. सोबत बहुधा क्लोपिडोग्रेलसारखें दुसरें औषध असतें. क्लोपिडोग्रेल पोटांत जातांना निष्क्रिय असतें. यकृतांतील विकरें त्यास कार्यक्षम करतात. कांहीं माणसांत यांतील एक विकर जन्मतःच दुर्बळ असतें, आणि त्यांना या गोळीचा गुण कमी येतो. अशा वेळीं डॉक्टर दुसरें औषध योजूं शकतात.

येथेंच एक कळकळीची सूचना करावयाची आहे. रोगी घरीं येतो, छातींतील कळ थांबलेली असते, जिना चढतांना दम लागत नाहीं. मग गोळ्यांचा खर्च डोळ्यांत भरतो, किंवा दांत काढावयाचा आहे म्हणून कोणी त्या परस्पर बंद करतो. बरें वाटणें आणि अस्तर भरून येणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गोळ्या अकालीं बंद केल्यास स्टेंटमध्यें एकाएकीं गुठळी होऊं शकते, आणि तिचा परिणाम पुष्कळदां प्राणघातक होतो. या औषधांनीं रक्तस्राव वाढूं शकतो, हेंही तितकेंच खरें. म्हणून शौचास काळें झालें अथवा हिरड्यांतून रक्त थांबेना, तर तें डॉक्टरांस ताबडतोब सांगावें. गोळी केव्हां व किती काळानें थांबवावयाची, हें त्यांनींच ठरवावें.

कापलेलें बोट बरें झालेलें आपणांस दिसतें. धमनींतील जखम दिसत नाहीं व दुखतही नाहीं. म्हणून तिची आठवण रोजच्या गोळीनेंच ठेवली पाहिजे.