स्वावलंबी भगिनींची मंडळे
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त रत्नागिरी येथे भरलेल्या भगिनींच्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी धर्मगुरूने देवळाच्या इतिहासावर चार शब्द बोलावेत, अशी वहिवाट आहे. ते कार्य इतर वक्त्यांनी उत्तम रीतीने केले आहे. मला भगिनींनी निराळा विषय नेमून दिला : उद्योगधंदा व नोकरी करणाऱ्या स्त्रियांनी लहान गावांतून स्थापिलेली मंडळे आणि त्यांचे लोकोपयोगी कार्य. हा विषय मला जितका आनंदाचा, तितकाच थोडा लाजेचाही आहे. लाजेचे कारण आधी सांगतो.

माझ्या धर्मसेवेच्या आरंभीच्या वर्षांत एक विधवा भगिनी मुलाच्या फीसाठी मजकडे आली. मी गरिबांच्या पेटीतून रक्कम काढून दिली. पुढच्या जूनमध्ये ती पुन्हा आली, तेव्हा मी न विचारताच पेटी उघडू लागलो. ती म्हणाली, ‘‘फादर, पैसे नकोत. मी आंब्याची साठं घालते. ती मुंबईला कुणाकडे पाठवायची, तेवढं सांगा.’’ सेमिनरीत मी तत्त्वज्ञान शिकलो, ईश्वरविद्या शिकलो. पण या प्रश्नाचे उत्तर मजपाशी नव्हते. ते अखेर एका शिक्षिकेने दिले. तिने दुकानदारांस पत्रे लिहिली, मालाचा हिशेब मांडून दिला, आणि दोन हंगामांत त्या घरची फी घरातूनच जाऊ लागली. त्या दोघी कित्येक वर्षे एकाच देवळात दर रविवारी गुडघे टेकीत होत्या; मात्र एकमेकींशी कधी बोलल्या नव्हत्या!

भगिनींनो, आजच्या माझ्या भाषणाचे सार या एका गोष्टीत आहे.

आपल्या कोकणाने पिढ्यान् पिढ्या मनीऑर्डरीवर संसार केला. पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, आणि शेत, गुरे, म्हातारी माणसे व मुले बाईच्या पदरात. 2011 सालच्या जनगणनेतही या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे अकराशेंहून अधिक स्त्रिया आढळल्या. त्यावरून घरापासून दूर गेलेल्या पुरुषांची कल्पना यावी. 1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पोस्टमनची वाट पाहणाऱ्या कितीतरी घरांच्या चुली मंदावल्या. जी स्त्री सर्व घर चालवीत होती, तिच्या हाती स्वतःचा पैसा मात्र नव्हता.

त्याच गिरणगावात निराळा धडाही मिळत होता. कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडविण्यासाठी श्रीमती प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले. गहाण ठेवण्यास ज्यांच्याकडे काही नव्हते, त्या एकमेकींना जामीन राहिल्या आणि बँकेचे दार उघडले. त्याआधी, 1959 साली, गिरगावात सात भगिनींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. तेच आजचे लिज्जत. सातारा जिल्ह्यातील म्हसवडची कथा तर आपल्यासारख्या लहान गावास अधिकच जवळची. तेथील स्त्रियांनी श्रीमती चेतना सिन्हा यांच्या साह्याने स्वतःची बँक काढण्याचे योजिले. पुष्कळजणी निरक्षर म्हणून पहिला अर्ज नामंजूर झाला. त्या खचल्या नाहीत. अक्षरे गिरवू लागल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहून म्हणाल्या की, आम्हांस व्याजाचा हिशेब घाला, तोंडी करून दाखवितो. 1997 साली माणदेशी महिला बँकेस परवाना मिळाला.

परदेशांतही हाच विचार निराळ्या वाटेने रुजला. अमेरिकेत 1919 साली उद्योग व व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांच्या मंडळांचा संघ स्थापन झाला, आणि लीना मॅडेसिन फिलिप्स या वकीलबाईंच्या पुढाकाराने 1930 साली जिनीव्हा येथे त्याचे आंतरराष्ट्रीय रूप सिद्ध झाले. आपला अनुभव दुसऱ्या भगिनीच्या उपयोगी पडावा, हेच अशा मंडळांचे खरे भांडवल होय.

कोणी म्हणेल, हे देवळाचे काम नव्हे. त्यांस माझे नम्र उत्तर असे की, फिलिप्पै नगरात संत पौलाचा उपदेश ऐकून ज्या लुदियेने आपले घर प्रेषितांस उघडून दिले, ती जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी बाई होती. आणि आपल्या वसईच्या बांधवांनी मॉन्सिन्योर मोनीस यांच्या नेतृत्वाखाली 1918 साली स्थापिलेली कॅथॉलिक पतपेढी आज मोठी बँक झाली आहे, हे तुम्ही जाणताच.

मग आपल्या रत्नागिरीत काय करता येईल? आपल्यात परिचारिका आहेत, शिक्षिका आहेत, कचेरीत व बँकेत काम करणाऱ्या आहेत. कोकमाचे आगळ, फणसपोळी, मसाले करणाऱ्या आहेत. शिवणकाम करणाऱ्या व मासळी विकणाऱ्याही आहेत. परिचारिकेने महिन्यातून एक सायंकाळ रक्तदाब व साखर तपासावी. बँकेतील भगिनीने खाते, कर्ज आणि विम्याचे कागद समजावून द्यावेत. शिक्षिकेने दहावीच्या मुलींस पुढील मार्ग दाखवावा. आणि मासळीवाल्या बाईने भाव कसा करावा व उधारी कशी वसूल करावी, हे आम्हा सर्वांस शिकवावे. त्या विद्येत तिच्यापुढे आम्ही पहिल्या इयत्तेतले!

येथेच खरी कसोटी आहे. सुशिक्षितांनी खुर्च्यांवर बसावे आणि बाजारातल्या भगिनींनी चहा करावा, असे मंडळ होणार असेल तर ते न झालेले बरे. तसेच मंडळाचे दार अन्य धर्मांच्या शेजारणींस बंद असेल, तर तेही मला नको. पाऊस सर्वांच्याच कौलांवर पडतो.

दोन सूचना अनुभवाने करतो. बचतीचा हिशेब दर बैठकीत मोठ्याने वाचावा, म्हणजे जिला वाचता येत नाही तिलाही तो कळेल. गटांची मोडतोड गरिबीने होते त्याहून अधिक वेळा न दाखविलेल्या वहीने होते. दुसरे, कर्ज कशासाठी घेतले हे सर्वांस ठाऊक असावे. शिलाईयंत्राच्या नावाने घेतलेला पैसा लग्नाच्या मांडवात गेला, तर हप्ता जामीन राहिलेल्या मैत्रिणीच्या अंगावर येतो.

मला अध्यक्ष करावे, असे काही भगिनींनी सुचविले. त्यांचा मी ऋणी आहे. परंतु ते पद मी स्वीकारणार नाही, आणि मंडळाचा पैसा मिशनच्या कपाटातही ठेवणार नाही. येत्या रविवारी मिस्सानंतर सभागृह उघडे राहील. मजकडून एक कोरी वही मिळेल. पहिल्या पानावर कोणाचे नाव लिहावयाचे व किल्ली कोणी सांभाळावयाची, हे तुम्हीच ठरवावे.

त्या विधवा भगिनीस मी त्या वेळी उत्तर देऊ शकलो नाही. ते उत्तर आता तुमच्या हातून मिळो, आणि परमेश्वर तुमच्या कष्टांस यश देवो, हीच प्रार्थना.