बिल्ले, फिती आणि पडलेले उमेदवार



या व्यासपीठावर आजवर वेदान्त झाला, अर्थकारण झाले, नाटक झाले. आज आम्ही आपल्यापुढे खिशातून पत्र्याचे बिल्ले काढून ठेवणार आहोत. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले, 'अमेरिकेतील निवडणूक-प्रचाराच्या वस्तूंचा संग्रह.' त्यावर क्षणभर शांतता पसरली. मग एक जण म्हणाले, 'म्हणजे अमेरिकेच्या राज्यपद्धतीवर ना?' आम्ही नाही म्हटले. राज्यपद्धतीवर बोलणारे पुष्कळ आहेत. आम्हांला बोलायचे आहे ते मतदानाच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर जे पडून राहते त्याविषयी.

आपल्याकडेही हा माल काही कमी निघाला नाही. बैलजोडी, पणती, झोपडी यांचे बिल्ले छातीवर लावून आणि प्रचाराच्या जीपमागे धावून ते गोळा करणारी मुले या सभागृहात आज आजोबा होऊन बसली असतील. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी त्यांतला एक तरी बिल्ला उरला आहे? हात फारसे वर होत नाहीत. अमेरिकेत मात्र असा बिल्ला जपणाऱ्यांची 1945 सालापासून एक संस्था आहे, त्यांचे मेळावे भरतात, जाडजूड सूचिग्रंथ निघतात आणि लिलावही होतात. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयात राल्फ बेकर यांनी जमवलेला असा मोठा संग्रह आहे. पक्षांची अधिवेशने भरली की त्या संग्रहालयाची माणसे तेथे जातात आणि प्रतिनिधींच्या डोक्यांवरच्या टोप्या नि हातांतले फलक मागून आणतात. दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जाणारी वस्तू आदल्या दिवशीच गाठायची, असा त्यांचा खाक्या.

आरंभ 1789 साली झाला. जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाले, त्या समारंभासाठी पितळेची व तांब्याची बटणे निघाली. ती कोटाला चक्क शिवायची असत. 'राष्ट्राध्यक्ष चिरायू होवोत' असा मजकूर, आणि एका नमुन्यावर तेरा राज्यांची आद्याक्षरे साखळीच्या कड्यांत गुंफलेली. याला प्रचार म्हणता यायचे नाही, कारण वॉशिंग्टनना प्रतिस्पर्धीच नव्हता. खरा बाजार उठला तो 1840 साली, आणि त्याची कथा सांगण्यासारखी आहे.

विल्यम हेन्री हॅरिसन हे तेव्हा उमेदवार होते. विरोधी पक्षाच्या एका वृत्तपत्राने त्यांची टर उडवली की, या म्हाताऱ्याला थोडे निवृत्तिवेतन आणि सफरचंदाच्या दारूचे एक पिंप द्या, म्हणजे तो ओंडक्यांच्या झोपडीत उरलेले आयुष्य सुखाने काढील. हॅरिसनच्या पक्षाने ही शिवी उचलून डोक्यावर घेतली! झोपडी हेच त्यांचे चिन्ह झाले. रुमालांवर झोपडी, रेशमी फितींवर झोपडी, काचेच्या बशांवर झोपडी. इंग्लंडातल्या स्टॅफर्डशरच्या कुंभारांनीसुद्धा झोपडीची चित्रे असलेल्या थाळ्या करून धाडल्या. माणसापेक्षा उंच असे गोळे करून, त्यांवर घोषणा लिहून ते गावोगाव लोटत नेले. आता यातली गंमत अशी की, हॅरिसन व्हर्जिनियातल्या बड्या जमीनदार घराण्यातले. त्यांच्या वडिलांची सही स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर आहे. झोपडीशी त्यांचा संबंध बेताचाच. पण ते निवडून आले आणि शपथविधीनंतर महिन्याभरातच, 4 एप्रिल 1841 रोजी, वारले. झोपडीची बशी मात्र आजही संग्राहकाच्या कपाटात उभी आहे आणि धडधडीत खोटे बोलत आहे. आम्हांला ती फार आवडते. इतिहासाच्या पुस्तकातले वाक्य लेखकाने तोलून मापून लिहिलेले असते. या बशीने मात्र मतदाराला काय ऐकायला गोड वाटत होते ते जसेच्या तसे धरून ठेवले आहे.

1860 सालापर्यंत छायाचित्रण आले होते. लिंकनचा चेहरा देशाला ठाऊक नव्हता. तेव्हा पातळ लोखंडी पत्र्यावर बारीकसे छायाचित्र काढून ते पितळी कड्यात बसवीत. एका बाजूला लिंकन, दुसऱ्या बाजूला उपाध्यक्षपदाचे उमेदवार हॅम्लिन. कड्याला भोक पाडून त्यातून फीत ओवायची. लिंकनच्या तरुण पाठीराख्यांचे जथे मशाली घेऊन रात्री निघत. मशालीचे तेल अंगावर ठिबके म्हणून ते मेणकापडाचे झगे घालीत. त्या मशाली आणि ते झगेही संग्रहांत आहेत. येथे संग्राहकाला उपयोगी पडणारी एक खूण सांगून ठेवतो. 1860 च्या प्रचारातला लिंकन दाढीविना आहे. निवडणुकीच्या काही दिवस आधी ग्रेस बेडेल नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीने त्यांना पत्र लिहून दाढी ठेवण्याचा सल्ला दिला होता, आणि निवडून आल्यावर त्यांनी ती वाढवली. तेव्हा कोणी दाढीवाला लिंकन दाखवून '1860 चा आहे' असे म्हणू लागला, तर खिशाचे बटण लावून घ्यावे.

आज आपण ज्याला बिल्ला म्हणतो तो जन्मला 1896 साली. न्यू जर्सीतल्या न्यूअर्क शहरी व्हाइटहेड अँड होग नावाची कंपनी होती. धातूच्या चकतीवर छापील कागद, त्यावर सेल्युलॉइडचा पारदर्शक पापुद्रा, मागून कडे दाबून बसवलेले आणि त्यात तारेची टाचणी, अशी ही साधी युक्ती. पाठीमागे पुष्कळदा कंपनीच्या नावाचा आणि पेटंटच्या तारखांचा कागद असतो. रंग असे उतरत की, सव्वाशे वर्षांनंतरही काही बिल्ले काल छापल्यासारखे वाटतात. त्यांचा वैरी एकच, तो म्हणजे ओल. कडेतून दमटपणा शिरला की कागदावर तांबूस डाग पडतात आणि ते काढण्यास उपाय नाही. आमच्या कोकणातल्या बंधूंनी हा छंद जरा विचार करूनच धरावा.

त्या 1896 च्या निवडणुकीचा आपल्याशी एक संबंध आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. जून 1893 मध्ये हिंदुस्थान सरकारने आपल्या टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. तोवर कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या टांकसाळीत जावे आणि रुपये पाडून आणावेत, अशी सोय होती. ती बंद होताच जगात चांदीचा भाव कोसळला. अमेरिकेत त्याच वर्षी मोठी आर्थिक मंदी आली आणि तेथल्या सरकारनेही चांदीची खरेदी थांबवली. कर्जात बुडालेला शेतकरी म्हणू लागला, सोन्याबरोबर चांदीचेही नाणे मुक्तपणे पाडा, एकास सोळा या प्रमाणात. त्यांचा पुढारी विल्यम जेनिंग्ज ब्रायन, वय वर्षे 36. समोर सोन्याच्या बाजूचे मॅकिन्ले. मॅकिन्लेचे लोक कोटावर सोनेरी किड्याच्या आकाराची टाचणी लावीत. अगदी आपला सोनकिडाच! ब्रायनच्या बाजूच्या एका बिल्ल्यावर घड्याळ आहे आणि त्यात एक वाजायला सोळा मिनिटे कमी आहेत. इंग्रजीत 'सोळास एक' आणि 'एकला सोळा कमी' हे एकाच शब्दांत म्हणता येते, त्यावरची ही कोटी. ज्या टांकसाळीच्या दाराशी मुंबईतला सराफ हात हलवीत परत फिरला, त्याच घटनेचा दूरचा पडसाद नेब्रास्कातल्या शेतकऱ्याच्या छातीवर घड्याळ होऊन बसला होता. मॅकिन्ले प्रचाराला बाहेर पडलेच नाहीत. ओहायोतल्या कँटन गावी घराच्या ओसरीवर ते उभे राहत आणि आगगाड्या भरभरून लोक त्यांच्याकडे येत; सुमारे साडेसात लाख लोक येऊन गेले म्हणतात. जाताना त्यांनी आठवण म्हणून कुंपणाचे तुकडेही नेले. संग्राहकांची जात ही अशी आहे. ब्रायन हरले, पुढे 1900 साली आणि 1908 सालीही हरले.

पडलेल्या उमेदवारांविषयी आम्हांला विशेष ममता आहे. जिंकलेल्याची चरित्रे निघतात, पुतळे उभे राहतात. पडलेल्याचे ठसठशीत असे उरते ते बिल्ल्यातच. 1920 साली समाजवादी पक्षाचे यूजीन डेब्स अटलांटाच्या तुरुंगातून उभे होते. युद्धाविरुद्ध भाषण केले म्हणून त्यांना शिक्षा झाली होती. त्यांच्या बिल्ल्यावर मजकूर होता, 'राष्ट्राध्यक्षपदासाठी कैदी क्रमांक 9653'. नऊ लाखांवर माणसांनी त्या कैद्याला मते दिली. त्याच वर्षी डेमोक्रॅट पक्षाचे उमेदवार जेम्स कॉक्स आणि त्यांच्याबरोबर उपाध्यक्षपदासाठी एक तरुण, फ्रँकलिन रूझवेल्ट. दोघांची चित्रे शेजारीशेजारी असलेला बिल्ला फारच थोडा निघाला. आज माहीत असलेल्या प्रती शंभराच्या आत आहेत. त्यांतला एक 2022 साली लिलावात पावणेदोन लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेला. एवढ्या पैशात आपल्याकडे एखाद्या गावची शाळा बांधून होईल, हे आम्हांलाही कळते. घरातूनही ते आम्हांला वेळोवेळी कळवले जाते.

पण दुर्मिळ काय, याचा अंदाज नेहमी चुकतो. 1972 साली मॅकगव्हर्न यांनी ईगल्टन यांना सोबतीला घेतले. ईगल्टननी पूर्वी मनोविकारासाठी विजेचे झटके घेतले होते असे बाहेर आले आणि अठरा दिवसांत त्यांना माघार घ्यावी लागली. दोघांच्या नावांचे बिल्ले तोवर छापून झाले होते. ते फुकट जाणार आणि म्हणूनच पुढे मोलाचे ठरणार, असे हजारोंना एकदमच सुचले व हजारोंनी ते जपून ठेवले. परिणाम असा की, आज ते दोनचार डॉलरांना मिळतात. आमच्याकडेच तीन आहेत.

फसवणुकीचे तर विचारूच नका. आम्ही एक मॅकिन्ले मोठ्या हौसेने घेतला. विक्रेत्याने वर वडिलांची, आजोबांची कहाणी ऐकवली. घरी येऊन भिंग लावले तर सेल्युलॉइड नाही. चित्र थेट पत्र्यावर छापलेले. पत्र्यावर छापायची ही रीत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आली, म्हणजे मॅकिन्ले गेल्यावर पंधराएक वर्षांनी. कडेला बारीक अक्षरांची खूण असायला हवी होती, ती कोणी कानशीने घासून टाकली होती. 1968 आणि 1972 साली बड्या कंपन्यांनी जाहिरातीसाठी जुन्या बिल्ल्यांच्या नकला वाटल्या, त्यांतलाच तो एक. अशा नकलांचा इतका सुळसुळाट झाला की, 1973 साली खास कायदा होऊन प्रत्येक नकलेवर तयार केल्याचे वर्ष घालणे सक्तीचे झाले. कायदा कानस थांबवू शकत नाही, एवढेच.

आता ज्या गोष्टीवरून आमची झोप उडाली होती ती सांगतो. ओहायोत आमचे एक परिचित होते, निवृत्त शिक्षक. त्यांच्या कपाटाचा एक खण ते पाहुण्यांना उघडून दाखवीत नसत. आमच्याशी सलगी झाल्यावर एके रात्री त्यांनी तो उघडला. पहिल्यानेच होता 1868 सालचा, सीमोर व ब्लेअर यांच्या प्रचाराचा बिल्ला. मजकूर असा की, हा गोऱ्यांचा देश आहे, गोऱ्यांनाच राज्य करू द्या. गुलामगिरी संपून सुमारे तीन वर्षे झाली होती. त्याखाली एक रंगीत बिल्ला. थिओडोर रूझवेल्ट आणि कृष्णवर्णीयांचे पुढारी बुकर वॉशिंग्टन एका टेबलाशी जेवत आहेत, आणि शब्द एकच, 'समता'. ते जेवण ऑक्टोबर 1901 मध्ये खरोखर झाले होते. हा बिल्ला मित्रांनी अभिमानाने लावला आणि शत्रूंनी दक्षिणेतल्या गोऱ्या मतदारांना बिचकवायला तोच वापरला. कोणता कोणाच्या छातीवर होता, हे आता बिल्ला पाहून सांगणे कठीण. पंक्तिभेद काय असतो हे आम्हां मराठी माणसांना कोणी शिकवायला नको. तो बिल्ला हातात घेताना आमची बोटे जरा थबकली.

त्यांची मुलगी म्हणे, 'बाबा, हा खण जाळून टाका.' तिचे चूक नव्हते. असल्या वस्तूंना भाव येतो, आणि भाव देणाऱ्यांत अभ्यासकच असतात असे नाही. काही जणांना तो मजकूर आजही हवासा वाटतो. त्यांनी आम्हांला विचारले. आम्ही म्हटले, जाळू नका. पण विकूही नका. जाळल्यास उद्या कोणी म्हणेल की असे कधी नव्हतेच, आणि त्याला दाखवायला आपल्या हातात काही उरणार नाही. विकल्यास ती वस्तू कोणाच्या छातीवर जाईल याची शाश्वती नाही. त्यांना ते पटले की नाही कोण जाणे. त्यांनी खण लावून घेतला आणि कॉफी केली.

ते गेल्यावर मुलीचे पत्र आले. तिने तो एकच खण एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयास दिला, प्रत्येक वस्तूशेजारी वर्ष, पक्ष आणि मिळालेली मते लिहून. उरलेला सारा संग्रह, लिंकनसकट, लिलावात गेला. वडिलांच्या मनात नेमके उलट होते. लिंकन ग्रंथालयात जावा आणि तो खण कोणाच्या दृष्टीस पडू नये. आम्ही दोघांपैकी कोणाची बाजू घ्यावी हे अजून ठरवलेले नाही.

वेळ झाल्याची खूण अध्यक्ष करीत आहेत. ही एक डबी पहिल्या रांगेपासून फिरवतो. हिच्यात 'आय लाइक आइक' आहे. स्टीव्हन्सनच्या फाटक्या बुटाच्या तळव्याची चांदीची टाचणी आहे. रूझवेल्टना तिसऱ्यांदा निवडू नका असे बजावणारा 1940 चा बिल्ला आहे. आमचे तीनही ईगल्टन आहेत आणि घासलेल्या कडेचा तो मॅकिन्लेही आहे. टाचण्या जुन्या आहेत, बोटाला जपा. सेल्युलॉइडवर ओला हात लावू नका. डबी परत आल्यावर बिल्ले मोजून घेण्याचे काम चिटणीसांनी आपण होऊन पत्करले आहे.